घर दोघांचे, हिशेब कुणाचा?

दुय्यम निबंधकाच्या कार्यालयाबाहेर एका दस्तलेखकाच्या टेबलाशी बसून मी वीस वर्षे दस्त टंकित केले. खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र. कायद्याची पदवी माझ्याकडे नाही. कायदा मी आधी या दस्तांतून आणि नंतर जुने अधिनियम, राजपत्रे, न्यायनिवाडे वाचत शिकले. त्या टेबलाशी शेवटच्या काही वर्षांत एक दस्त वारंवार येऊ लागला : नवरा-बायको दोघांच्या नावावरचा फ्लॅट, त्यावर बँकेचा बोजा, घटस्फोटाचा अर्ज न्यायालयात, आणि एकाने दुसऱ्याच्या लाभात लिहून द्यायचे हक्कसोडपत्र. मजकूर ठरलेला असे. फक्त एक रकाना भरताना हात थांबे : ‘लिहून देणार यांचा हिस्सा’.

हा हिस्सा ठरवायचा कसा? त्यासाठी तीन वह्या उघडाव्या लागतात. एक लग्नाची, दुसरी मालकीची, तिसरी कर्जाची. लग्नाच्या वहीला नवरा-बायको माहीत आहेत, पण घर माहीत नाही. मालकीच्या वहीला घर आणि सहमालक माहीत आहेत, पण ते नवरा-बायको आहेत हे माहीत नाही. कर्जाच्या वहीला तर फक्त ऋणको माहीत आहेत. या वह्या वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या हेतूंनी लिहिल्या गेल्या आणि कुणी त्या एकत्र बांधल्या नाहीत. त्या वेगळ्या का राहिल्या आणि त्याची किंमत कोण भरते, हे तपासण्यासाठी हा लेख आहे. विवेचन मुख्यतः हिंदू विवाह कायद्यापुरते आहे. गोव्याचा संदर्भ पुढे येईल.

सोडचिठ्ठीत घर नव्हते

घटस्फोट आपल्याकडे इंग्रजी शिक्षणाबरोबर आला, असा समज अजून ऐकू येतो. तो खरा नाही. महाराष्ट्रातल्या बहुसंख्य जातींत काडीमोड आणि पाट रूढ होते. एल्फिन्स्टनच्या काळात आर्थर स्टील याने दख्खनमधल्या जातींच्या चालीरीतींचे संकलन केले. १८२७ मध्ये छापलेल्या त्या ग्रंथात या रूढींची नोंद आहे. जातपंचायतीपुढे सोडचिठ्ठी होई तेव्हा हिशेब मुख्यतः लग्नखर्चाचा आणि अंगावरच्या डागांचा असे.

घराचा हिशेब का नसे? कारण घर त्या जोडप्याचे नसेच. वाडा असो की खोपट, ते कुटुंबाचे. नवऱ्याचा त्यात हिस्सा असला तरी तो बाप-भावांबरोबरचा. बाई त्या घरात लग्नाने येई आणि लग्न मोडले की बाहेर पडे. तिची म्हणून ओळखली जाणारी मालमत्ता म्हणजे स्त्रीधन. मुंबई बेट, गुजरात आणि उत्तर कोकणात नीलकंठ भट्टाचा सतराव्या शतकातला ‘व्यवहारमयूख’ आणि उरलेल्या महाराष्ट्रात ‘मिताक्षरा’ प्रमाण मानली जाई. दोन्ही परंपरांत स्त्रीधनाची चर्चा बारकाईने आहे. पण बाईने संसारात असताना स्वतःच्या कसबावर मिळवलेल्या पैशावर नवऱ्याचा ताबा राहील, हे कात्यायनाचे मत इंग्रजी अमदानीतल्या न्यायालयांनीही उचलून धरले.

१८७४ मध्ये विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा झाला. बायकोची कमाई ही तिची स्वतंत्र मालमत्ता, असे त्याने स्पष्ट म्हटले. मात्र त्याच कायद्याने हिंदू, मुसलमान, बौद्ध, शीख आणि जैन स्त्रियांना त्यातून वगळले. पुढे १९२३ मध्ये आयुर्विम्याविषयीचे एक कलम तेवढे हिंदूंना लागू झाले.

घर बायकोच्या नावाने घेतले तरी फार फरक पडत नसे. इंग्लंडमध्ये नवऱ्याने बायकोच्या किंवा बापाने मुलाच्या नावाने घेतलेली मालमत्ता ही त्यांना दिलेली भेट, असे गृहीत धरत. हे गृहीतक हिंदुस्थानात चालणार नाही, इथे दुसऱ्याच्या नावाने खरेदी करण्याची रीतच आहे, असा निर्णय प्रिव्ही कौन्सिलने १८५४ मध्ये दिला. तो खटला बाप-मुलाचा होता, पण तेच सूत्र पुढे बायकोच्या नावावरच्या घरांनाही लागले. नाव बायकोचे, पैसा नवऱ्याचा, म्हणून घर नवऱ्याचे. १९८८ च्या बेनामी व्यवहार कायद्याने हे उलटे केले. बायकोच्या नावाने घेतलेली मालमत्ता, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, तिच्याच हितासाठी घेतली असे मानावे, असे त्यात म्हटले. म्हणजे एकशे चौतीस वर्षांनी पुराव्याचे ओझे एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेले. २०१६ मध्ये तो कायदा दुरुस्त झाला आणि बायकोच्या बाजूचे ते गृहीतक त्यातून गेले. ज्ञात उत्पन्नातून पती किंवा पत्नीच्या नावाने केलेली खरेदी बेनामी नव्हे, एवढाच अपवाद उरला.

एकाच वर्षातले दोन कायदे

काडीमोडाला लेखी कायद्याचे रूप देण्यात संस्थाने पुढे होती. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१९ मध्ये आणि बडोद्यात सयाजीरावांनी १९३१ मध्ये तसे कायदे केले. मुंबई प्रांताने १९४६ मध्ये द्विभार्याप्रतिबंधक कायदा केला आणि पाठोपाठ १९४७ मध्ये हिंदू घटस्फोटाचा कायदा.

१९४७ मध्येच याच विधिमंडळाने दुसरा एक कायदा केला : मुंबई भाडे नियंत्रण कायदा. शहरातला मराठी माणूस तेव्हा मालकीच्या घरात राहत नव्हता. तो चाळीतल्या भाड्याच्या खोलीत राहत होता. त्याची सगळ्यांत मोठी मालमत्ता म्हणजे ती खोली सोडावी न लागण्याचा हक्क. हा हक्क भाडे कायद्याने पक्का केला. भाडेकरू वारला तर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाला तो मिळावा, अशी तजवीजही केली.

दोन्ही कायदे शेजारी ठेवून वाचले की फट दिसते. भाडे कायद्याने भाडेकरूच्या मृत्यूचा विचार केला, काडीमोडाचा नाही. नवरा मेला तर बाईला खोली मिळेल. नवऱ्याने सोडले तर खोली नवऱ्याची, कारण भाडेपावती त्याच्या नावाची. एकाच सभागृहाने एकाच वर्षी लग्न मोडण्याची वाट खुली केली आणि घर टिकवण्याची वाटही खुली केली. पण लग्न मोडणारी बाई आणि घर टिकवू पाहणारी बाई एकच असू शकते, हे तेव्हा ध्यानात आले नाही. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यातही वारसाची ती तरतूद आहे आणि काडीमोडाविषयीचे मौनही तसेच आहे.

आहेराचे कलम

१९५५ चा हिंदू विवाह कायदा १८ मे रोजी अमलात आला. मालमत्तेवर त्यात एकच कलम आहे, सत्ताविसावे. लग्नाच्या वेळी किंवा त्या सुमारास भेट मिळालेली आणि दोघांच्या सामाईक मालकीची असू शकेल अशी मालमत्ता असेल, तर तिच्याविषयी न्यायालय योग्य तो हुकूम करू शकेल, असे ते सांगते.

हे शब्द आले कुठून? १९३६ च्या पारशी विवाह व घटस्फोट कायद्यातले बेचाळिसावे कलम जवळपास याच शब्दांत आहे. म्हणजे हिंदू जोडप्यांसाठी कलम लिहिताना पारशी कायद्याचा साचा हाताशी होता. त्या साच्यात आहेर मावतो : चांदीची भांडी, कपाट, पलंग, शिवणयंत्र. लग्नानंतर सात वर्षांनी दोघांनी मिळून घेतलेला, वीस वर्षांच्या कर्जावर उभा असलेला फ्लॅट त्यात मावत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये, महाराष्ट्रातल्याच एका जोडप्याच्या दाव्यात, या कलमाचा अर्थ थोडा सैल केला. लग्नाआधी किंवा नंतर दिलेली मालमत्ताही, तिचा लग्नाशी संबंध दाखवता आला तर, त्यात येईल असे म्हटले. तरी गाभा ‘दिलेल्या’ मालमत्तेचाच राहिला. कमावलेल्या घराला हे कलम सहसा हात लावत नाही.

पंचविसाव्या कलमाखाली कायमची पोटगी मिळते आणि गरज पडल्यास ती देणाऱ्याच्या स्थावरावर तिचा बोजा चढवता येतो. पण पोटगी मागायची ती गरजेच्या नावाने, आणि हिस्सा मागायचा तो हक्काच्या नावाने. हा फरक शब्दांचा नाही. बाई कमावती असेल तर पोटगी कमी होते किंवा नाकारली जाते. आणि घराचे हप्ते भरणारी बाई बहुधा कमावतीच असते.

१९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याने पती-पत्नींमधले मालमत्तेचे वादही याच न्यायालयात चालावेत असे ठरवले. पुणे आणि मुंबईत ही न्यायालये १९८९ मध्ये सुरू झाली. दिवाणी कोर्टाचे वेगळे हेलपाटे त्यामुळे वाचले. मात्र हिस्सा कोणत्या नियमाने ठरवायचा, हे त्या कायद्याने सांगितले नाही. दार नवे आले. आत वही मालकीचीच उघडायची होती.

दुसरे नाव

ती वही म्हणजे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा. त्याचे पंचेचाळिसावे कलम सांगते, की दोघांनी मिळून मोबदला देऊन मालमत्ता घेतली आणि पैसा ज्याचा त्याचा वेगळा असेल, तर ज्याने जेवढा पैसा घातला तेवढा त्याचा हिस्सा. कुणी किती घातला याचा पुरावाच नसेल, तर हिस्से समान मानावेत. हे कलम लिहिले गेले तेव्हा नजरेसमोर होते भागीदार, भाऊबंद, व्यापारी. त्यांच्यासाठी नियम चोख आहे, कारण त्यांच्याकडे खातेवही असते.

मुंबईत मध्यमवर्गाने घराची मालकी शोधली ती सहकारातून. १९१५ मध्ये गावदेवीला सारस्वतांची सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. देशातल्या या प्रकारच्या पहिल्या संस्थांत ती गणली जाते. १९६० मध्ये महाराष्ट्राचा सहकारी संस्था कायदा आला, १९६३ मध्ये मालकी तत्त्वावरच्या सदनिकांचा म्हणजे ‘मोफा’ कायदा. सहकार कायद्याने एक शब्द रूढ केला : सहयोगी सभासद. भाग दाखल्यावर ज्याचे नाव पहिले नाही तो. सोसायटीच्या सभेत मत पहिल्या नावाचे. तो गैरहजर असेल तर दुसऱ्याचे. शेकडो दाखल्यांवर मी हे पाहिले आहे : पहिले नाव नवऱ्याचे, दुसरे बायकोचे. दुसरे नाव का घातले, असे विचारले तर उत्तर एकच, ‘उद्या काही बरेवाईट झाले तर’. म्हणजे पुन्हा विचार मृत्यूचाच.

१९७७ मध्ये एचडीएफसी स्थापन झाली, १९८८ मध्ये राष्ट्रीय गृहनिर्माण बँक आली, आणि पगारदार माणसाला वीस वर्षांच्या हप्त्यावर घर मिळू लागले. तेव्हा दुसऱ्या नावाला नवा अर्थ आला. एका पगारावर कर्ज पुरेसे बसत नसे. दोघांचे पगार धरले की बसे. बायकोचे नाव आता नुसते वारसासाठी उरले नाही, कर्जाची पात्रता वाढवण्यासाठीही लागू लागले. सहमालक आणि सहऋणको अशा दोन सह्या तिने एकाच दिवशी केल्या. पहिल्या सहीने तिला किती मिळाले याला पुरावा लागतो. दुसऱ्या सहीने ती किती बांधली गेली याला पुरावा लागत नाही.

कर्जाची वही

गहाणाचे प्रकार आपल्याकडे जुने : कब्जेगहाण, नजरगहाण, मुदतगहाण. आजचे गृहकर्ज बहुधा वेगळ्या जातीचे असते. मूळ करारनामा बँकेकडे ठेवायचा आणि त्या ठेवण्यानेच गहाण पुरे होते. १८८२ च्या कायद्यात ही सोय आधी कलकत्ता, मद्रास, मुंबई अशा मोजक्या व्यापारी शहरांसाठी होती. व्यापाऱ्याला रात्रीत पैसा उभा करता यावा म्हणून केलेली ही युक्ती आज लाखो संसारांच्या उंबऱ्याखाली आहे.

कर्जाचा करार चालतो तो १८७२ च्या करार कायद्याने. त्याचे त्रेचाळिसावे कलम सांगते, की एकत्र वचन देणाऱ्यांपैकी कुणाही एकाकडून धनको पूर्ण वसुली करू शकतो. भरणाऱ्याने मग दुसऱ्याकडून त्याचा वाटा मागावा. घटस्फोटाच्या हुकुमात ‘यापुढे हप्ते पतीने भरावेत’ असे लिहिले असले, तरी ते त्या दोघांपुरते. बँक त्या दाव्यात पक्षकार नसते. पतीने हप्ते थकवले तर नोटीस दोघांच्या नावे निघते. सहऋणकोचे नाव कमी करायचे तर बँकेची संमती हवी, आणि उरलेल्या एकाच्या पगारावर कर्ज बसत असेल तरच ती मिळते. ज्या कारणासाठी दुसरे नाव घातले, त्याच कारणासाठी ते निघत नाही.

वाद लांबला तर? नव्वद दिवस हप्ता थकला की खाते अनुत्पादक ठरते. २००२ च्या सरफेसी कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस देऊन बँक दिवाणी न्यायालयात न जाता ताब्याची आणि विक्रीची कारवाई सुरू करू शकते. कुटुंब न्यायालयातल्या तारखा आणि बँकेच्या तारखा एकमेकींची वाट पाहत नाहीत. दोघेही ‘त्याने भरावे’, ‘तिने भरावे’ म्हणून थांबले, तर वाटणी लिलावातच होते.

आता एक काल्पनिक हिशेब करून पाहू. ५० लाखांचे घर. १० लाख स्वतःचे, त्यात नवऱ्याचे ६ आणि बायकोचे ४. तिचे चार लाख दागिने मोडून आणि भविष्यनिर्वाह निधीतून काढलेले. ४० लाखांचे कर्ज, वीस वर्षे मुदत, साडेआठ टक्के व्याज. हप्ता सुमारे ३४,७०० रुपये. आठ वर्षांनी संसार मोडला. तोवर भरलेले हप्ते ३३ लाखांच्या वर, पण त्यात मुद्दल उतरले जेमतेम पावणेनऊ लाख. उरलेले साडेचोवीस लाख व्याजात गेले. बँकेचे येणे अजून ३१ लाखांच्या पुढे. घराची किंमत समजा ८० लाख झाली. बँकेचे देऊन वाटायला उरतात सुमारे पावणेएकोणपन्नास लाख.

ते कसे वाटायचे? निम्मेनिम्मे? सुरुवातीच्या सहास चार या प्रमाणात? की हप्त्यांनुसार? आणि इथेच खरा पेच येतो. पुष्कळ घरांत हप्ता एका खात्यातून जातो आणि किराणा, शाळेची फी, सासूचे औषध, कामवालीचा पगार दुसऱ्या खात्यातून. समजा हप्ता नवऱ्याच्या खात्यातून जातो. आठ वर्षांनी त्याच्याकडे छापील उतारा आहे, शहाण्णव ओळींचा. तिच्याकडे काय आहे? वाण्याचे बिल कुणी जपत नाही. तिच्या पगाराने घर चालले म्हणून त्याचा पगार हप्त्याला मोकळा राहिला, हे स्वयंपाकघरात सगळ्यांना कळते. पंचेचाळिसाव्या कलमाला ते कळवून द्यावे लागते. जी बाई कमावतच नव्हती, तिच्या आठ वर्षांच्या श्रमाला तर उताराच नाही. हा पेच एकतर्फी नाही. हप्ते बायकोने भरले आणि पहिले नाव नवऱ्याचे, अशीही प्रकरणे मी पाहिली आहेत; तिथे उतारा तिच्या बाजूने बोलतो आणि घर चालवणारा नवरा हात चोळत बसतो. नियम बाईच्या विरुद्ध लिहिलेला नाही. तो संसाराच्या विरुद्ध लिहिलेला आहे, कारण संसारात पावती घेण्याची रीत नसते.

वाटणी प्रत्यक्ष करायची तरी कशी? पाचशे चौरस फुटांत भिंत घालता येत नाही. त्यासाठी १८९३ चा वाटणी कायदा आहे. मालमत्तेचे तुकडे करणे शहाणपणाचे नसेल, तर निम्मा किंवा अधिक हिस्सा असणाऱ्याच्या विनंतीवरून न्यायालय विक्रीचा हुकूम करू शकते. मग दुसरा सहमालक ठरवलेल्या किमतीला तो हिस्सा विकत घेण्याची परवानगी मागू शकतो. नियम न्याय्य आहे. पण विकत घ्यायला पैसा हवा, पैशाला नवे कर्ज हवे, आणि जुने कर्ज डोक्यावर असताना नवे कोण देणार?

तडजोड झाली तरी मुहूर्त साधावा लागतो. महाराष्ट्रात निवासी घर पती-पत्नींनी एकमेकांना बक्षीस दिले तर मुद्रांक शुल्क २०० रुपये, अधिभार वेगळे. ही सवलत पती-पत्नींना आहे. माजी पती-पत्नींना नाही. हुकुमाच्या आदल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी केलेल्या त्याच दस्ताच्या खर्चात लाखांचा फरक पडू शकतो. हे घर दाव्याचाच विषय असेल आणि तडजोडीच्या हुकुमात त्याचा उल्लेख असेल, तर १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे त्या हुकुमाची वेगळी नोंदणी लागत नाही. ज्याला चांगला वकील मिळतो त्याला हे आधी कळते.

राहण्याचा हक्क, मालकीचा नव्हे

हीच अडचण इंग्लंडमध्येही आली होती. नवरा घर सोडून गेला, घर त्याने स्वतःच्या कंपनीच्या नावे केले, कंपनीने ते बँकेकडे गहाण टाकले, आणि बायको-मुले आत. १९६५ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने बँकेच्या बाजूने निकाल दिला. दोनच वर्षांत, १९६७ मध्ये, तिथल्या संसदेने वैवाहिक घराचा कायदा करून जोडीदाराचा राहण्याचा हक्क मान्य केला. १९७३ च्या कायद्याने तर घर कुणाच्याही नावावर असो, त्याची फेरवाटणी करण्याचा अधिकार न्यायालयाला दिला. ती करताना संसार सांभाळण्यातले योगदानही धरायचे होते.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये या कायद्याची आठवण काढली. आपल्याकडे असा हक्क नाही, तो देण्याची वेळ मात्र आली असावी, अशा आशयाचे मत नोंदवले. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने सामायिक घरात राहण्याचा हक्क बाईला दिला. २००६ च्या निकालाने त्याचा अर्थ अरुंद केला : सासू-सासऱ्यांच्या मालकीचे घर त्यात येत नाही. २०२० मध्ये तो निकाल फिरवला गेला. ही मोठी कमाई आहे. तरी हा हक्क छताचा आहे, भिंतींचा नाही. ती राहू शकते. तिचे किती, हा प्रश्न तसाच राहतो.

तेरेखोलपलीकडे

आता नकाशावर थोडे दक्षिणेला येऊ. सावंतवाडीकडून तेरेखोलची खाडी ओलांडली की गोवा. पलीकडे नातीगोती तीच, देवही पुष्कळदा तेच. पण लग्न लागले की मालमत्तेचा कायदा वेगळा. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १ जुलै १८७० पासून गोव्यात लागू झाली. १९६१ च्या मुक्तीनंतर, १९६२ च्या कायद्याने तिथले आधीचे कायदे चालू राहिले. या संहितेप्रमाणे लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर दोघांची मालमत्ता सामाईक होते आणि निम्मी निम्मी दोघांची. घर नवऱ्याच्या नावावर असले तरी बायकोच्या संमतीवाचून ते विकता येत नाही. १९१० मध्ये पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आले आणि घटस्फोटाचा कायदाही आला. लग्न संपले की सामाईकीची वाटणी, हा तिथला सरळ क्रम.

गोव्याला स्वर्ग म्हणण्याचे कारण नाही. संहितेने सामाईक मालमत्तेचा कारभार नवऱ्याकडे दिला होता. आणि संमतीची सही दडपणाखाली घेता येते, हे सह्या पाहण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. पणजीच्या बाईला ‘तुझा हिस्सा सिद्ध कर’ असे कुणी म्हणत नाही. निम्मे नाही असे म्हणणाऱ्याने ते दाखवायचे. बांद्याच्या बाईने आधी खात्याचा उतारा आणायचा. ही सामाईकी भारत सरकारलाही मान्य आहे. १९६१ च्या आयकर कायद्यात १९९४ मध्ये ‘५ अ’ हे कलम घातले गेले. त्याप्रमाणे या संहितेखालच्या जोडप्यांचे पगाराखेरीजचे उत्पन्न दोघांत निम्मे विभागून कर बसे. म्हणजे कर वसूल करताना सरकारला संसार अर्धा अर्धा मोजता येतो. तसा मोजणे अशक्य नाही, एवढे तरी यातून सिद्ध होते.

‘घर दोघांचे’

महाराष्ट्रात प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम चालवली; गावोगावच्या शेतकऱ्यांनी बायकांच्या नावे जमीन करून दिली. १९९४ मध्ये राज्याने महिला धोरण आणले आणि त्याच वर्षी मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत हिस्सा दिला. २००३ मध्ये ग्रामविकास खात्याने ‘घर दोघांचे’ ही मोहीम काढली : ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत घर पती-पत्नी दोघांच्या नावे लावावे. नाव सुंदर आहे. पण ती नोंदवही घरपट्टीच्या आकारणीची. तिच्यातले नाव मालकीचा पुरावा ठरत नाही. दाराच्या पाटीवर दोन नावे आली, दस्तात एकच राहिले.

देशपातळीवर २०१० मध्ये विवाह कायद्यांच्या दुरुस्तीचे विधेयक आले. घटस्फोट देताना पतीच्या स्थावर मालमत्तेतला हिस्सा न्यायालयाने पत्नीसाठी ठरवावा, अशी तरतूद त्यात चर्चेअंती आली. राज्यसभेने २०१३ मध्ये ते मंजूर केले. २०१४ मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक बारगळले.

त्या विधेयकावर आक्षेप होते, आणि काही रास्त होते. हिस्सा फक्त बायकोलाच का? आई-बापांकडून आलेल्या मालमत्तेलाही का? यावर वाद व्हावा. पण एक गोष्ट वादापलीकडची वाटते. आज आपल्याकडे नियम नाही असे नव्हे. नियम आहे, आणि तो १८८२ चा आहे. दोन व्यापाऱ्यांसाठी लिहिलेला नियम आपण दोन संसारी माणसांना लावतो आणि त्याला तटस्थता म्हणतो. पुरावा नसेल तर हिस्से समान, हे त्या कलमातले शेवटचे वाक्य आहे. नवरा-बायकोपुरते तेच पहिले वाक्य करता येईल : हिस्से समान, कुणाला जास्त हवे असेल त्याने ते दाखवावे. यासाठी नवी वही शिवावी लागत नाही. आहे त्या वहीतली एक ओळ वर घ्यावी लागते.

तोवर हिस्स्याच्या रकान्यात काय भरायचे, हे दोघांपैकी ज्याला अधिक काळ हप्ता भरता येईल, वकील ठेवता येईल आणि वाट पाहता येईल, तोच ठरवील. बहुतेक हक्कसोडपत्रांत एक ठरलेले वाक्य असते : ‘सदरचा हक्क मी राजीखुशीने, कोणाच्याही दबावाला बळी न पडता सोडत आहे.’ ते मी असंख्य वेळा टंकित केले. त्या वाक्याखाली सही करणाऱ्यांतल्या किती जणांना आपण नेमके काय सोडले हे मोजून सांगता आले असते? मोजण्याचे माप कायद्याने त्यांच्या हाती कधी दिलेच नव्हते.